कशाच्या, आठवत नाही

तिसरी खेप साडेअकराला आली.
टेम्पोवाल्या बाबलने फाळका पाडला, म्हणाला,
आता घरात भिंती तेवढ्या उरल्यात.

वेंगुर्ल्याच्या शेडमध्ये आम्ही चौघी.
माझे हातमोजे दोन्ही डाव्या हाताचे,
त्यातला एक उलटा करून घातलेला.

थर्माकोलचं मखर, चमकी अजून शाबूत:
बाजूला, ते कोणी घेत नाही.
एक्स-रे एकोणीस. उजेडाकडे धरले तर
एकाच माणसाचा गुडघा, सालागणिक झिजलेला.
त्यातून चांदी काढतात म्हणे. वेगळे ठेवा.
तुटक्या जाळ्याचा गोळा, त्याचं शिसं तोडून घ्या.
गोळ्यांच्या पट्ट्या, अर्ध्या भरलेल्या: लाल पिंपात.
कुळथाच्या पिठाचा डबा, आत पोरकिडे:
पीठ ओल्यात, डबा पत्र्यात,
किडे आपापल्या वाटेने.

मग ते डबे सुरू झाले.
बिस्किटांचे, पावडरचे, खोकल्याच्या वड्यांचे,
प्रत्येकावर खळीने चिकटवलेली चिठ्ठी,
अक्षर मीटरच्या आकड्यांसारखं, एकेक आपल्या चौकटीत.
खिळे, सरळ.
खिळे, वाकडे. ठोकून घेणे.
वायसर, नळाचे.
वायसर, कुठेही चालतील.
चष्मे, सौ.चे.

"वीजमंडळातले केळुसकर," फिलोमिना म्हणाली.
"आमच्या दारात इले काय आधी चपला काढीत,
मगे मीटर बघीत."

आम्ही दारोदार फिरून सांगतो,
ओलं इकडे, सुकं तिकडे,
लोक मान डोलावतात आणि एका पिशवीत भरतात.
इथे हा एक माणूस,
कोणी न सांगता आयुष्यभर वेगळं करत बसलेला.
आणि मी नखांनी त्याच्या चिठ्ठ्या ओरबाडतेय,
कागद कागदात, पत्रा पत्र्यात,
सरळ खिळे आणि वाकडे खिळे
एकाच गोणीत. लोखंडाचा भाव एकच.

शेवटच्या डब्यावर होतं:
किल्ल्या. कशाच्या, आठवत नाही.

स्पीकरमधलं लोहचुंबक आम्ही सुतळीला बांधून ठेवलंय.
फिरवलं. निम्म्या किल्ल्या उड्या मारून चिकटल्या.
निम्म्या पडून राहिल्या, त्या पितळेच्या.
सुनंदा खूश, पितळेला दर बरा आहे.
चिठ्ठी टाकायला गेले तर ती मोज्याला धरून बसलेली,
खाऱ्या हवेत खळ कधी सुकतच नाही.
राहू दे म्हटलं.

गोणीच्या तळाशी एक चिमटीएवढी वस्तू,
कातडीच्या रंगाची.
मुठीत घेतली तर शिट्टी वाजली.
मूठ उघडली, गप्प.
मिटली, पुन्हा शिट्टी.
"कानातलं मशीन," मी म्हटलं.
फिलोमिनाने पदर तोंडाला लावला,
"ह्यां अजून आयकताहा गो."

कोणालाच काही बोलवेना.
मघापासून आम्ही केळुसकरांच्या घराबद्दल,
वाशीच्या मुलीबद्दल, दोन दिवसांत आवरलेल्या स्वयंपाकघराबद्दल
काय काय बोललो होतो.

मोजा काढून, फडक्याने पुसून
मी ते कानात घातलं. का, ते विचारू नका.
शेड केवढी तरी मोठी झाली.
प्लास्टिक वणव्यासारखं तडतडलं,
पत्र्यावर घारीची नखं,
बंदरात कुणाचं तरी इंजिन खोकत चालू होत होतं,
आणि या सगळ्याच्या खाली एक घरघर,
ती माझ्याच श्वासाची निघाली.
एवढं सगळं ऐकत हा माणूस
खिळे सरळ करत बसायचा?

सेल नखाने उचकटून काढला.
घातक कचरा, एक नग.
वजनकाट्याने शून्य दाखवलं,
तरी वहीत ओळ करावी लागते, केली.

चौथी खेप दुसऱ्याच कोणाची:
मोडका पाळणा, कुलर, कसले कसले डबे, विनाचिठ्ठीचे.
मी हात घातला.
उलट्या मोज्यावर ती चिठ्ठी अजून होती,
आणि जे जे उचलीन त्याच्यावर
क्षणभर तेच लिहिलेलं दिसायचं.
दोन वाजता सुनंदाने डबा उघडला,
बांगड्याचं तिखलं. मग हात धुतले.