पापम्

सोलापुरात कीव तीन भाषांत करतात.
मराठीत बिचारी.
कन्नडात पाप. तेलुगूत पापम्,
आणि आमच्या गल्लीत तेलुगूच जास्त.

मला ऐकू येत नाही, मी ओठ वाचते.
ओठांवर प, ब, म सारखेच दिसतात,
मिटायचं आणि उघडायचं, एवढंच.
म्हणून सात वर्षांची होईपर्यंत मला वाटे
दारात बसून विड्या वळणाऱ्या सगळ्या बायका
मला बघून मामा, मामा म्हणतात.
मी मागं वळून बघायचे, मामा कुठं आलाय.
मामा तर भिवंडीत, वर्षातून एकदा यायचा,
येताना खारी आणायचा.

पुढं शाळेत फळ्यावर शब्द आला, पाप.
बाईंनी समोर अर्थ लिहिला.
दुसऱ्या दिवशी गल्लीतून जाताना
एकेकीचं तोंड नीट बघत गेले:
केलंय कुणी, आणि नाव माझ्यावर ढकलतायत.

आता मी गज्जमांच्या कारखान्यात कांड्या भरते.
अक्कलकोट रोड, चोवीस माग, वर पत्रा.
आत पाऊल टाकलं की सगळेच बहिरे.
यल्लप्पा जॉबर, अंजम्मा, रात्रपाळीचा मैनुद्दीन,
जन्मभर इथं हातांनीच बोलत आलेत.
चहा: अंगठा तोंडाकडे.
दोरा तुटला: दोन बोटं फाकवायची.
मालक आला: पोटावरून गोल हात.
ही शेवटची खूण माझी.
शेजारच्या दोन कारखान्यांतही चालते.

सहा नंबरचा माग बिघडायच्या आधी
फरशीतून माझ्या टाचेला सांगतो.
यल्लप्पा बोलावतो, मी तळहात टेकते,
बोटानं दाखवते, इथं.
तो पाना घेऊन वाकतो.
कसं कळलं, विचारत नाही.

वीज गेली की मात्र
सगळ्यांना एकदम कान उगवतात.
हात खिशात जातात, तोंडं सुटतात,
आणि गप्प मागांमध्ये मी एकटी उभी.
खोटं कशाला बोलू, तेव्हा वाईट वाटतं.
लाईट येईपर्यंत.

डिसेंबरात एका हॉलमध्ये माझा सत्कार झाला.
पाहुण्यांचे ओठ माइकमागं,
एक अक्षर वाचता आलं नाही.
पहिल्या रांगेतली बाई डोळे पुसत होती.
खांद्यावर चादर पडली तशी
मी तिचा काठ उलटून बघितला:
मोराच्या पायाशी तीन आडवे धागे गायब.
आमचाच माल. सहा नंबर.
फोटोत माझी मान खाली आहे.
पेपरात खाली छापलं, भारावलेली.

परवा नवी पोरगी आली, नीलम नगरची, रेणुका.
दारातच कानांवर हात, डोळ्यांत पाणी.
काहीतरी ओरडत होती,
कुणाला कळेना, तिचं तिलाही ऐकू येईना.
माझे ओठ आपोआप मिटले,
उघडले,
पुन्हा मिटणार,
तेवढ्यात डब्यातल्या कडक भाकरीचा तुकडा मोडून
तोंडात कोंबला.
तिलाही दिला, शेंगाचटणी लावून.
मग तिचा हात धरून पहिली खूण शिकवली,
पोटावरून गोल.

करून बघितली तिनं. हसली.
मागं मालक उभा होता.