सतरा

स्टेजखाली मी उताणी पडलेय, दातांत टॉर्च,
नाकासमोर धुक्याच्या यंत्राची पाठ
आणि तिच्यावर नऊ पांढरे खटके, भाताच्या शितांएवढे.
वरून येर्को ओरडतो : पहिला आणि पाचवा!
एक अधिक सोळा, सतरा.
हा यंत्राचा पत्ता.
मागच्या टेबलावर सतराची पट्टी वर गेली
की ओ द्यायची ती यानेच,
सोळा नंबरच्या निळ्या दिव्याने चोंबडेपणा करायचा नाही.

पट्टी वर जाते.
यंत्र हूं नाही की चूं नाही.

केबल तीन पिनांची, टेबल मागतं पाच.
मधला तुकडा येर्कोने अन्तोफागास्ताहून आणला,
बसने सहा तास, मांडीवर पिशवी,
जशी कुणी अंडी आणावी.
याआधी वायरीच्या टोकाला लोंबणारं एक लाल बटण होतं,
विंगेतून कुणीतरी दाबायचं, बहुतेक उशिरा.
गेल्या वर्षी पाद्री आमेन म्हणून आत गेला
आणि मग धूर आला. अख्खा हॉल हसला.
यंदा हसून चालणार नाही.
यंदा शेवटच्या प्रवेशात होडी परत येत नाही.

इथे धुक्याला काय तोटा?
रोज पहाटे समुद्रावरून चढतं, आम्ही त्याला कामानचाका म्हणतो.
पाऊस म्हणाल तर माझ्या जन्मापासून चारदा.
डोंगरावर जाळी उभी केलीत, मासे धरायच्या जाळ्यांसारखीच,
त्यांत धुकं अडकतं, थेंबाथेंबाने पन्हळीत उतरतं,
त्याच्यावर आमचा चहा, आमचे टोमॅटो.
यंत्राचं विकतचं पाणी संपलं तेव्हा
येर्कोने औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणलं
आणि त्यात डोंगरावरचं हेच पाणी ओतलं.
क्षार नाहीत, म्हणाला, नळी चोंदणार नाही.
एवढंच म्हणाला.

पहिल्या रांगेत दोन्या एदुविखेस विणत बसलीये.
ती म्हणते, धुकं असं भसकन येत नाही रे.
आधी इंजिनाचा आवाज बोथट होतो.
मग दिवा.
मग आपण कुठे बघत होतो तेच.

टेबल नुसतं बोलतं, येर्को मला शिकवतो,
सेकंदाला चाळीस वेळा, सगळ्यांना एकदमच,
कुणी ऐकलं का, हे त्याला कधीच कळत नाही.
शेवटच्या यंत्रात एक रोध खोचायचा,
नाहीतर हाक तारेच्या टोकाला आपटून माघारी येते
आणि पुढच्या हाकेत कालवली जाते.
सुया थांबतात.
माघारी येते?
तारेत, येर्को म्हणतो. फक्त तारेत.

मग मला दिसतं, एकचा आकडा उजव्या कडेला छापलाय.
यंत्रच उलटं ठेवलंय. मी चढवले ते नववा आणि पाचवा.
दोनशे बहात्तर!
अर्धा तास आपण सतराच्या दारावर थापा मारतोय
आणि हा बिचारा राहतो दोनशे बहात्तरमध्ये.
नखाने एक शीत खाली, एक शीत वर.

यंत्र तापेपर्यंत अग्निशमनवाले दोन बाल्दोमेरो शिडीवर चढले
आणि छतावरच्या धूर-घंटीला
बायकोची आंघोळीची टोपी घातली.
हिरवा दिवा लागला.
एदुविखेसने विणकाम काखेत घेतलं,
टेबलापाशी आली,
येर्को काही न बोलता खुर्चीवरून उठला.

मला खालून फक्त फटी दिसत होत्या.
तिने पट्टी इतकी हळू वर नेली
की आधी वाटलं पुन्हा काहीतरी चुकलंय.
मग माझ्या गुडघ्यांजवळ थोडं,
मग फळ्यांतून वर,
मग येर्कोचे बूट गेले,
बाल्दोमेरोंची शिडी गेली,
कुणीतरी खोकलं ते फार लांबून.
अजून? येर्कोचा आवाज.
नको. एवढंच होतं.

तिने पट्टी शून्यावर आणली,
धुकं मात्र बराच वेळ तसंच बसून राहिलं.

मी कपडे झटकत बाहेर आले
तेव्हा ती मनगट चाटून बघत होती.
गोड लागतंय, म्हणाली. हे समुद्राचं नाही.
ग्लिसरीन, येर्को म्हणाला,
आणि केबल गुंडाळायला लागला.