पाव फेरा मागे

तळपणला नदीकाठी, माडांमागच्या पत्र्याखाली
ट्रेलर जॅकवर चढवलेला.
एक चाक हवेत, एक चिखलात.
उल्हास पागी दर दहा मिनिटांनी येऊन विचारतो, झालं?
उद्या बंदी उठते. पहाटे होडी पाण्यात हवी.

आगुस्तीन ऐकत नाही. म्हणजे त्याला ऐकूच येत नाही.
खाणीवरच्या क्रशरने वीस वर्षांत
त्याचे दोन्ही कान बुजवून टाकले,
लाल धुळीने पन्हळ बुजावी तसे.

मी ग्रीसची टोपी ठोकून काढतो.
आत दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं काहीतरी:
समुद्र शिरलाय.
रस्त्यावर तापलेलं हब
उतारावरून तसंच खाऱ्या पाण्यात जातं
आणि गार होता होता एक घोट घेतं.
तेवढा पुरतो.

रोलरांवर निळे डाग. पिंजरा फाटलेला.
जुनी वाटी छिन्नीने उतरवायची,
एक टोला इकडून, एक समोरून,
नाहीतर तिरकी होते आणि रुसून बसते.
नवी ठोकताना आगुस्तीन जुनीच वाटी तिच्यावर धरतो,
हातोड्याचा मार तिने खायचा.
टण, टण, टण, आणि मग ठप्प.
ठप्प झालं की बसली, हे मला कानाने कळतं.
पण माझ्या आधीच त्याने हातोडा खाली ठेवलेला असतो.

ग्रीस तळहातावर. बेअरिंगची रुंद कड त्यात रोवायची,
दाबायची, ओढायची, पुन्हा दाबायची,
सोऱ्यातून शेवया उतराव्यात तसं ग्रीस
रोलरांमधून वर येईपर्यंत.
मग सील, हब, बाहेरचं बेअरिंग, वॉशर.
मग नट.

नटाशी माझं जुनं भांडण आहे.
घट्ट म्हणजे चांगलं, असं मी घरून शिकून आलो होतो.
गेल्या मे महिन्यात जीव खाऊन आवळला एक,
आणि करमल घाटात धुराचा वास आला,
आणि आमचंच चाक आम्हाला मागे टाकून
वळणावर न वळता सरळ गेलं.
आगुस्तीन रागावला नाही. झाडीत उतरला,
तासाभराने वर आला,
एका हाताने चाक ढकलत, खांद्यावर फणस.

आता तो दाखवतो. चाक फिरतं ठेवायचं,
फिरतं असतानाच आवळत जायचं,
हाताला जड लागेपर्यंत.
मग सोडायचं. पाव फेरा मागे.
मग पाना बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी
जेवढा येईल तेवढाच नट आणायचा.
पिनचं भोक जुळलं नाही तर मागे जायचं,
पुढे कधीच नाही.

टायर वरून आणि खालून धरून तो हलवतो.
आत कुठेतरी केसाएवढी जागा हलते.
ती हवीच, तापल्यावर लोखंड तिथे राहायला येतं.
"चड न्हय, उणें न्हय!"
स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्याला माहीत नसतं.
पलीकडच्या काठावरचं कुत्रं उठून उभं राहतं.

पियेदाद मागून येऊन त्याच्या पाठीवर दोन बोटं टेकवते.
दोन म्हणजे चहा.
तीन म्हणजे काय, ते मी कधी विचारलं नाही.

दुसरं चाक तो माझ्यावर सोडतो.
स्वतः खोक्यावर बसतो, कप गुडघ्यावर,
मोकळा हात ट्रेलरच्या स्प्रिंगवर, डोळे मिटलेले.
मी आवळतो. सोडतो. बोटांनी आणतो.
मग चाकाला एक झटका देतो.
ते फिरतं. पावसात मला त्याचा काहीच आवाज येत नाही,
म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहतो.
चाक थांबतं. तो चहाचा घोट घेतो
आणि हात स्प्रिंगवरून काढून गुडघ्याला पुसतो.

झालं? उल्हास दारातून विचारतो.
मलाही ऐकू आलं नाही असं मी दाखवतो
आणि पिनचे दोन्ही पाय
सावकाश, एकेक करून, वाकवतो.