पिंप्राळ्यात, कोरा

पुडक्यावर काळसर टपोरी फळं.
नाव वाचता येईना उखाभाऊला.
"जांभूळच," म्हणाला,
नि सवयीनं दुधाची पिशवी फोडू लागला.

थांब. हा कोराच प्यायचा.
पाण्यानं उकळी धरली की उतरव,
पत्ती टाक, शिजवू नको,
झाकण ठेव नि गप्प बस
सुरत पॅसेंजर फाटक ओलांडेपर्यंत.

पहिला घोट अत्तराचा.
दुसऱ्याला वास, शाळेतल्या खोडरबराचा.
"हाई ते खोकलानं औसद शे!"

मग त्यानंच काढली बरणीतून
मेहरूणची वाळकी बोरं,
अडकित्त्यानं फोडून टाकली त्याच पत्तीत,
पुन्हा पाणी.

आंबट आधी आलं. गोड बरंच उशिरा,
बशी रिकामी झाल्यावर.

उखाभाऊ पुडकं उलटंपालटं करत राहिला:
"यान्हामा बी आठी ऱ्हास का?"

मला कुठलं माहीत.
मी बोराची चघळत होतो.