रुपया उभा राहीपर्यंत

दारूखान्यातून किलोच्या भावानं आणला ग्राइंडर.
एकोणीस किलो भरला, वर काटेवाल्याची एक शिवी फुकट.
बोटीच्या इंजिनखोलीतला असावा;
गंज खारट लागला.
हो, चाटून पाहिला. कोणी बघत नव्हतं.

अडीच महिने रात्री त्याच्याशीच.
वायंडिंग शमीमभाईनं भरून दिली,
बेअरिंगं नागदेवीतली, खरी की नकली
देव जाणे आणि दुकानदार.
रंग मात्र मी दिला. ट्रॉलरचा उरलेला हिरवा.
दोन हात मारले,
आणि सुकल्यावर रविवारभर नुसता बघत बसलो.

पहिल्यांदा बटण दाबलं
तेव्हा टेबल चालायला लागलं.
चहाचा ग्लास कडेकडेनं सरकत गेला,
मी पोचायच्या आत फुटला.
चांगुणाबाय तांडेल कोयता घेऊन दारात उभी:
"काय रं, याला हिव भरलंय काय?"

कारण सगळ्यांना माहीत होतं.
घाग टर्नर म्हणाला, शाफ्ट वाकडा.
शमीमभाई म्हणाला, वायंडिंग सोडून काहीही.
पलीकडच्या गाळ्यातला पेद्रू म्हणाला,
काँक्रीटमध्ये बोल्ट मार,
जाऊ दे थरथर जमिनीत.
जमिनीनं काय घोडं मारलंय?

दोन्ही चाकं काढली, नुसता फिरवला.
मांजर घुरघुरावं इतकाच आवाज.
मोटरच्या पाठीवर एक रुपया
काठावर उभा केला.
राहिला उभा.
म्हणजे चाकं.

चाकं एकेक टांगून लाकडी मुठीनं ठोकली.
टणण्.
दुसरंही टणण्.
फुटक्या मडक्यासारखं बोललं असतं
तर फेकून दिलं असतं, सुटलो असतो.
पुठ्ठ्याच्या चकत्या नव्या कापल्या, पुतणीच्या लग्नपत्रिकेच्या;
भोक नेमकं मुहूर्तावर पडलं.
हिऱ्याच्या ड्रेसरनं कडा सोलून घेतल्या,
भुवयांत धूळ, डब्यातल्या भातात धूळ.
चाक पाव फेरा सरकवलं, मग अर्धा,
खडूच्या खुणा, खुणांवर खुणा.
रुपया पडला.
पडला.
घरंगळत टेबलाखाली गेला.

तो शोधायला गुडघ्यांवर बसलो
आणि मान वर केली तर दिसला:
आतल्या फ्लँजच्या मागे,
जिथं लोखंडाला लोखंडच भेटायला हवं तिथं,
ओघळून सुकलेला हिरवा थेंब.
मसुरीच्या डाळीएवढाही नाही.
पहिल्या हातात भागलं असतं.
हा दुसऱ्या हाताचा. हौसेचा.

घाग समोरच होता.
मी शाफ्टकडे बघत "हं" म्हणालो, एवढंच.
ब्लेडनं खरवडलं, रॉकेलचं फडकं फिरवलं,
नख फिरवून पाहिलं.
नट आवळले, डावीकडचा उलट्या आट्यांचा,
तो अजूनही आधी चुकीच्याच बाजूला फिरवतो.
बटण दाबून एक मिनिट बाजूला उभा राहिलो;
ताजं बसवलेलं चाक छातीसमोर सुरू करू नये.

रुपया उभा.
कोयत्याला धार लावली तरी उभा.
ठिणग्या चांगुणाबायच्या पायाशी विझत होत्या,
ती पाय मागे घेत नव्हती.

बंद केला.
चाकं मंदावत गेली,
आणि थांबायच्या जरा आधी
अंगावर काटा यावा तसा तो एकदाच शहारला.
रुपया खाली.
"तेवढं असतंच," घाग म्हणाला.
आठवडाभरात पहिल्यांदा बरोबर.

"चाळीस झाले," मी म्हणालो.
चांगुणाबायनं अंगठ्यावर धार पाहिली,
कनवटीतून एकोणचाळीस मोजले,
आणि जमिनीवरचा तो रुपया उचलून
वर ठेवला.