कुठून बोलताय

ऑफिस हललं तेव्हा फोन मीच खोक्यांत भरले.
बेचाळीस. वायरी त्यांच्याच पोटाशी गुंडाळून.
वागळे इस्टेटहून निघालेला टेम्पो
ऐरोलीच्या सिग्नलला बंद पडला, ढकलला,
आणि संध्याकाळी म्हाप्यात, पाचव्या मजल्यावर
पहिली वायर खोचली तर
फोन लगेच म्हणाला, तयार.

हेच कौतुक सांगत आलोय मी गिऱ्हाइकांना:
कुठेही न्या साहेब, नंबर तोच.
खांबाशी नातं नाही, भिंतीशी नाही.

सगळं बदललं. पाट्या, पासवर्ड,
खुर्च्यांमागे चिकटवलेले आकडे.
एक रकाना राहिला,
स्क्रीनच्या तळाशी, राखाडी अक्षरांत:
आपत्कालीन पत्ता.
उद्या भरू म्हटलं.
मग गणपती आले, मग बिलं, मग विसरलो
असं नाही म्हणणार. दिसत होता तो.
रोज दिसणाऱ्या गोष्टी दिसतात तसा.

रात्री अडीचला हरेश्वर मढवी
लिफ्टसमोरच्या स्टुलावरून
डाव्या अंगावर कलला.
सुगंधा घरत पँट्रीत कप विसळत होती.
तिचा मोबाइल खाली लॉकरमध्ये, आत न्यायचा नाही
(त्या नियमाखाली सही माझी नाही, एवढंच).
म्हणून तिनं टेबलावरचा उचलला, चारशे सतरा,
ज्या खुर्चीत बसायची तिला परवानगी नव्हती
तिच्या शेजारी उभी राहून
एकशेबारा दाबलं.

पलीकडच्या बाईला पत्ता दिसला. स्पष्ट.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
गाडी निघालीसुद्धा.
आमच्या जुन्या शटरमागे आता टाइल्सचं गोदाम आहे.
दिवा फिरला असेल, कुत्री उठली असतील,
आणि शटर वाजवणाऱ्याला
टाइल्सनी आतून काय सांगावं?

पुढचं रेकॉर्डिंगमध्ये आहे. चार वेळा ऐकलंय.
"ताई, गाडी पोचली. तुम्ही कुठंय?"
"हितंच हाय मी. दादाच्या बाजूला."
"हितं म्हणजे?"
"पाचव्या माल्यावर."
"बिल्डिंगचं नाव?"
इथं सात सेकंद काहीच नाही.
नाव इंग्रजीत, काचेवर, दर्शनी बाजूला.
ती मागच्या दारानं येते.

मग ती बाई, नाव ठाऊक नाही,
कागदोपत्री नुसता डेस्कचा आकडा आहे,
विचारते, "खिडकी उघडा. वास कसला येतो?"
आमच्या खिडक्या उघडत नाहीत. जिन्यातली उघडते.
रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा ठक्क.
चपला फटफटत जातात. फटफटत येतात.
"नासक्या फणसावानी. आन् डोंगरावर
लाइटी हायत, दगड फोडतात तिथं."
"म्हापे," बाई म्हणते, स्वतःशीच.
"माझा भाऊ होता तिकडं. शर्टाला हाच वास यायचा."

त्या शर्टावरून
ऐरोलीहून दुसरी गाडी सुटली.

एकोणीस मिनिटं जास्त गेली.
मोजता येतात मला, माझं कामच ते.
डॉक्टर म्हणाले, हाताचं सांगता येत नाही.

त्या आठवड्यात बेचाळीस फोनांपुढे
एकेक करून बसलो.
मजला, बाजू, जिन्यापासून किती पावलं,
रकान्यात मावेल तेवढं लिहिलं.
लादी पुसता पुसता सुगंधानं विचारलं, काय लिवतोस?
म्हटलं, फोनला सांगतोय तो कुठं आहे.
"त्याला नवतं म्हाईत?" म्हणाली,
आणि बादली पुढं सरकवली.

हरेश्वर आता दिवसपाळीला, गेटवर.
उजव्या हातानं वही पुढं करतो.
नाव. कुणाला भेटायचं. कुठून आलात.
मला भरावी लागत नाही, मी रोजचा.
पण परवा त्यानं ती माझ्याकडंही सरकवली,
चेष्टेनं की कसं,
चेहऱ्याच्या एकाच बाजूवरून कळत नाही.
पेन घेतलं.
तिसऱ्या रकान्याशी थांबलो.
मागून कुणीतरी म्हणालं,
लिहा की काहीही, कोण बघतंय.