शेवटचा ब

म्हापशाच्या बाजारात, औषधांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की
आल्झिरा मिस इंग्रजीतली दुखणी शिकवते.
आम्ही सातजणी. परीक्षेत पास झालो तर
परक्या मुलखातल्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालायला जाणार.

शब्द एकटा पाठ करू नका, मिस सांगते,
जोडीनं करा. दुखण्यालाही सोबत लागते.
डोकं नुसतं दुखत नाही, ते स्प्लिटिंग असतं,
दगडावर आपटलेल्या नारळासारखं.
घसा सोअर. मान स्टिफ.
आणि नाक रनी.

रात्री डिचोलीला घरी आले, आईला पेशंट केलं.
‘त्यांचं नाक धावतं?’ ती म्हणाली,
‘आणि तू मागनं रुमाल घेऊन?’
हसता हसता तिला ठसका लागला.
(ठसक्याला काय म्हणतात, ते मिसला विचारायचं राहिलंय.)

मग म्हटलं, आता तू सांग, तुला काय काय होतं.
ती सांगत गेली, वालीच्या शेंगा मोडता मोडता:
पोटरीत गोळा येतो. सकाळी डोकं भणभणतं.
वाकलं की पाठीत चमक.
बसून बसून पायाला मुंग्या. आणि दिवेलागणीला
अंगात ती कसकस.

चमकेला शूटिंग पेन मिळालं, लगेच.
मुंग्या मात्र तिकडे चालत नाहीत,
तिकडे पायात टाचण्या आणि सुया.
‘शिंप्यांचा देश दिसतो,’ आई म्हणाली.
कसकसपुढे मी अर्धी ओळ कोरी सोडली.

‘आणि हात?’
अठरा वर्षं काजूच्या कारखान्यात,
टरफलाचं तेल उतून सोललेली बोटं.
मी लहान असताना
पलीकडच्या खोलीतून शब्द ऐकू यायचे: चुरचुर. मग जळजळ.
मग नुसतीच हुळहुळ, खोबरेल तेलाच्या वासाची.
आता कधीपासून काहीच ऐकलेलं नाही.

‘हाताक कांय ना गो,’ ती म्हणाली
आणि गॅसवरून भाताचं पातेलं उतरवलं
फडक्याशिवाय.

मिसचा कालचा शब्द होता, नम.
शेवटी ब लिहायचा, पण बोलायचा नाही.
विसरलात तर अर्धा मार्क गेला.

मी लिहिला. ब जरा जास्तच दाबून,
मागच्या पानावर उमटला.
‘काय लिहिलंस?’ आईनं विचारलं.
वाचून दाखवलं,
ब सोडून.